आवाज पटला नाही

८ जाने., गुरु.
अर्धी रजा टाकली. गाडीच्या आवाजाचा विषय एकदाचा मार्गी लावायचा होता. रोज सोलापूर, मंगळवेढा, मग वाड्यावस्त्या, शेळ्यामेंढ्यांना लस, परत सोलापूर. एवढ्या रस्त्यात गाणी हीच काय ती चैन.

पूर्व भागात व्यंकटेशअण्णांकडे गेलो. घरचे माग बंद पडले तेव्हा त्यांनी त्याच शेडमध्ये गाडीच्या टेपचं दुकान टाकलं. दिवाळीत दारातले स्पीकर त्यांच्याकडूनच घेतले होते. आज म्हणाले, "स्पीकर चांगले हायत ओ साहेब, पण त्यांना ताकद कोण देणार? सीटखाली एक अँप्लिफायर, अँप टाका. मग बघा."

नवा माल आला होता. अण्णा एकेक अँप खोक्यातून काढून बुडाशी कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावत होते. मागाच्या धोट्यालाही लावायचे म्हणे, ती सवय. त्यातलाच एक माझ्या सीटखाली बसवला. खोकंही बरोबर दिलं, पैशाचं नाव नाही. "दुकानात सगळंच गोड वाजतंय. न्या, रस्त्यावर ऐका आठ दिवस. पटलं तर ठेवा, न्हाय तर आणून द्या." आमच्याकडं म्हैस घेताना आधी चार धारा काढून बघतात, तसं. चहा झाला.

११ जाने., रवि.
काय आवाज आहे! बासरीवाल्याचा श्वास ऐकू येतो. परवा मुद्दाम परतीला लांबच्या रस्त्यानं आलो. वै. म्हणाली, इतका वेळ कुठं होता? ऐकत होतो म्हटलं. ती हसली. आमच्या लग्नानंतर इतकं मन लावून काही ऐकलेलं तिला आठवत नाही म्हणे.

जेवण झाल्यावर मोबाइलवर सहज तोच अँप शोधला. तीच कंपनी, तोच नंबर, बराच स्वस्त. सहज म्हणजे, सहज नव्हे. अण्णा बसवत होते तेव्हाच खोक्यावरच्या नंबराचा फोटो काढून ठेवला होता.
मागवला.

१५ जाने., गुरु.
पार्सल आलं. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून वाट काढत कुरिअरवाला संध्याकाळी पोचला. खोकं हुबेहूब तेच. वै.नं विचारलं, मग अण्णांचा? परत करायचा म्हटलं. काय सांगून? सांगू काहीतरी.

१७ जाने., शनि.
सुट्टी. मोबाइलवर व्हिडिओ बघून अण्णांचा अँप स्वतः काढला. वर आणला, ऑनलाइनचाही बाहेर काढला, दोन्ही पलंगावर शेजारी ठेवून स्क्रूची भोकं जुळवून बघितली. तेवढ्यात सासूबाई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांच्यासमोर ते सगळं आवरलं, एक खोक्यात घातला, दुसरा खाली नेऊन बसवला. फार काही कठीण नाही. उगाच लोक फिटिंगचा बाऊ करतात.

खोकं घेऊन अण्णांकडे. म्हणालो, "आवाज पटला नाही अण्णा. जरा फाटल्यासारखा वाटतो." त्यांचा चेहरा पडला. उघडून बघितलंही नाही, तसाच मांडणीत ठेवला. "तुमी दिलं म्हणजे झालं की ओ. बसा, चहा सांगतो." घाईत आहे म्हणून निघालो. चहाही प्यालो असतो तर काय झालं असतं, पण नाही बसवलं तिथं.

२२ जाने., गुरु.
ऑनलाइनवाला अगदी अण्णांच्या अँपसारखाच वाजतो. तसूभरही फरक नाही. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, दुकानदारांच्या नादी लागू नका. थोडी अक्कल वापरली की झालं. खुशीत हुरडा खाल्ला जास्त, पोट बिघडलं.

३ फेब्रु., मंगळ.
आपल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज आग. करमाळ्याचे शिंदे. नवी गाडी घेतली, अण्णांकडून अँप बसवला. उघडलेला पीस आहे, म्हणून अण्णांनी पैसे कमी केले होते म्हणे. आठवड्यात तापून बंद. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी खोलून सांगितलं, डुप्लिकेट. शिंद्यांनी अण्णांच्या पाटीचा फोटो टाकला, अँपचे वरून-खालून फोटो टाकले, आणि खाली लिहिलं, 'या चोराकडं कुणी जाऊ नका.'

मग काय, ज्यांनी अण्णांकडून साधी वायर घेतली नसेल तेही तुटून पडले. वाईट वाटलं. अण्णा असं करतील वाटत नाही. पण माणसाचं काय सांगावं.

४ फेब्रु., बुध.
ग्रुपवर एकानं मलाच गाठलं. 'देशमाने साहेब, तुमी तर त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. सांगा की अनुभव.' मी लिहिलं, 'स्पीकर घेतले होते, अँप मात्र ऑनलाइन घेतला. एकदम ओरिजिनल.' यात खोटं एक अक्षर नाही.
लगेच, 'बघा, साहेबांना आधीच कळलं होतं.' वीस-पंचवीस अंगठे आले. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

५ फेब्रु., गुरु.


आज मंगळवेढ्याच्या पुढे एका वस्तीवर लस. दोन कळप एकात एक मिसळलेले. मी म्हातारबाला विचारलं, आता तुमचं कुठलं आणि त्यांचं कुठलं? म्हणाला, "न वळकायला काय झालं? ह्या बगा, आमच्या मेंढराच्या पाठीवर गेरूचं बोट हाय. ज्याचं बोट त्याचं मेंढरू." आणि सुई हातात तशीच राहिली. शिंद्यांनी टाकलेला बुडाचा फोटो आठवला. स्वच्छ होतं बूड. कुंकू नव्हतं.

काम कसंबसं उरकलं. परतीला रस्त्याच्या कडेला गाडी लावून सीटखालचे स्क्रू काढले. अँप उलटा केला.
कुंकू.

म्हणजे मी ज्यावर खूश होतो तो अण्णांचाच. ऑनलाइनचा डुप्लिकेट अण्णांच्या खोक्यात घालून मीच परत देऊन आलो. धारेला नेलेली म्हैस ठेवून घेतली आणि दावणीला भलतीच बांधून आलो. वर सांगून आलो, तुमची म्हैस बरोबर नाही.

तोंड दाखवायला जागा नाही. घरी येऊन वै.ला डोकं दुखतंय म्हटलं.

६ फेब्रु., शुक्र.
अदलाबदल मुद्दाम केली नाही. हे खरंच आहे. सासूबाई आल्या, घाई झाली.
दिवसभर हेच स्वतःला सांगत होतो. पण कुणाला सांगायला गेलो तर पुढचा प्रश्न येणारच, मुळात दोन अँप घरी का होते.

७ फेब्रु., शनि.
सगळं सांगून टाकायचं ठरवून अण्णांकडे गेलो. दुकानात शुकशुकाट. शनिवार असून एक गाडी नाही. तिथं कायम 'न्या, ऐका, मग ठरवा' अशी पाटी असायची, ती काढलेली. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा राहिलाय.

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच बोलायला लागले. "साहेब, तुमची माफी मागायची होती ओ. शिंद्यांना गेला तो तुमीच परत आणलेला पीस. तुमी तवाच सांगितलं होतं, आवाज फाटतोय म्हणून. म्या ऐकलं न्हाय. मला वाटलं साहेबांचा कान नवा हाय. म्या तसाच विकला. माझंच चुकलं." पुण्याच्या माल देणाऱ्याला नको नको ते बोलले म्हणे, इतक्या वर्षांचा माणूस तोडला. शिंद्यांना दुसरा देतो म्हणाले, तर ते म्हणाले तुमच्याकडचं काहीच नको. तो पीसही देत नाहीत, पुरावा म्हणून ठेवलाय.

आणि शेवटी हात जोडले. मला.

मी काय केलं? "असू द्या अण्णा, होतं असं," म्हणालो. आणि निघून आलो. असू द्या म्हणणारा मी कोण? इतका नालायक मी कधीच नव्हतो, किंवा होतो आणि वेळ आली नव्हती.

८ फेब्रु., रवि.
वै.ला सांगितलं. भांडी घासत होती, नळ बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं. मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो, चुकून झालं गं. ती म्हणाली, "अदलाबदल चुकून झाली, पटलं. पण आवाज पटला नाही, हेसुद्धा चुकूनच म्हणालात का?"
मग नळ सोडला.

मी एक तोडगा काढला होता. नवा अँप विकत घेऊन शिंद्यांना निनावी पाठवायचा. तिला सांगितलाही. तिनं ताटं पुसायला घेतली. अँप गेला नव्हता, नाव गेलं होतं, ते पार्सलनं कसं पाठवणार.

९ फेब्रु., सोम.
गेलो नाही. दोनदा त्या रस्त्यानं गेलो, थांबलो नाही. गाडीत गाणी बंद आहेत पाच दिवस. बटणाकडं हात जातो आणि मागे येतो.
ग्रुपवर आता अण्णांवर विनोद चालू झालेत.

१० फेब्रु., मंगळ.
सांगितलं.

ऑफिस सुटल्यावर सरळ दुकानात. बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं, नाही तर पुन्हा पळालो असतो. नंबराचा फोटो, ऑनलाइन, पलंगावरचे दोन अँप, फाटका आवाज म्हणालो ते, ग्रुपवर लिहिलं ते. मध्येच रडू आलं. या वयात. अण्णा हातातली वायर सोलत होते, ती सोलतच राहिले. सगळी सोलून झाली.

मग म्हणाले, "त्या पीसला कुंकू नव्हतं. विकताना दिसलं होतं मला. वाटलं, मीच इसरलो असंन."

मी म्हणालो, शिव्या द्या अण्णा. ते म्हणाले, "शिव्या देऊन काय करू?" सोललेली वायर गुंडाळून ठेवली. मग एकदम, "खरं सांगा साहेब. आवाज पटला होता?"
पटला होता म्हणालो. फार पटला होता.
"मग तसं म्हणायचं होतं की ओ. ऑनलाइन घेतो म्हणाला असता तर म्या काय हात धरला असता? फिटिंगपण करून दिली असती."

यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

अँप काढून देऊ लागलो तर अडवलं. "राहू द्या तितंच. उद्या करमाळ्याला जाऊ, तुमच्या गाडीतनं. शिंद्यांच्या दारात तुमच्या गाडीतनं काढू आणि त्यांच्या गाडीत बसवू. काय झालं ते तुमी सांगायचं. म्या न्हाय सांगणार." ग्रुपचं विचारलं. म्हणाले, "आधी त्या माणसाच्या तोंडावर सांगा. मग तुमचं तुमी बघा."
पाटी पुन्हा लावणार का, असंही विचारलं. ते दुकानाचे दिवे बंद करायला लागले.

११ फेब्रु., बुध.
रजा टाकली. कारण 'घरगुती' लिहिलं. वै.नं दोघांसाठी कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून दिली. शिंद्यांना काय म्हणायचं ते पाठ करून बघितलं. प्रत्येक वेळी 'चुकून'पासून सुरुवात होते.

अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. गाणी लावली तर माझ्या सीटखाली अण्णांचा अँप वाजणार आणि अण्णा शेजारी बसून ऐकणार. नाही लावली तर बोलावं लागणार.

अण्णा आलेत, खाली गाडीपाशी उभे आहेत. वर या म्हटलं तर हातानंच नको म्हणाले. निघतो.