पायाला भिंगरी

१ मार्च, शनिवार

आले एकदाची. दोन बॅगा, कॅमेरा, लॅपटॉप आणि वरच्या मजल्यावरची ही खोली. खिडकीखाली रस्ता, समोर रंगाचं दुकान. दुकानदार दिवसभर डब्यांच्या झाकणांवर रंगाचे ठिपके देत बसतो. तीन महिने हेच दृश्य, आणि मला ते आत्ताच आवडलंय.

ब्लॉगचं नाव 'पायाला भिंगरी' आणि वर्षभर फोटो घरातल्या कुंड्यांचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वाचक चिडवायला लागले तेव्हा ठरवलं, एका लहान गावात जाऊन राहायचं. आठवडाभर तिथले कार्यक्रम, बुधवारी स्वयंसेवा, शनिवार-रविवार आसपास भटकंती. ब्लॉगवर गोडगोड लिहायचं, खरं काय ते या वहीत.

दुसरं कारण ताई. तिला एप्रिलच्या मध्याची तारीख दिलीय. भाओजी बोटीवर, ते जूनशिवाय जमिनीला लागत नाहीत. आई-बाबा राहिले नाहीत, म्हणजे तिचं माहेर मीच. इथून तिचं शहर बसने चार तास. बाळंतपणात मी तिच्या उशाशी असेन असा शब्द दिलाय.

संध्याकाळी साबण आणायला निघाले, तर मालकीणबाई दारात होत्या. सवयीने म्हटलं, येते हं काकू. बाई थबकल्या. पुन्हा म्हण, म्हणाल्या. मी म्हटलं. केवढा आनंद झाला त्यांना! इथे असं कोणी म्हणत नाही म्हणे. खरंच, इथली माणसं बोलताबोलता उठतात आणि चालू लागतात. निरोप घ्यायच्या वेळी तोंडात मिठाची गुळणी. त्यावर एक मजेदार पोस्ट टाकली.

५ मार्च, बुधवार

वाचनालयात स्वयंसेवा. जुन्या पुस्तकांचे कणे चिकटवायचे. बाकी कार्यक्रमांना दहा टाळकी जमत नाहीत (मातीकामाच्या शिबिरात मी आणि शिकवणारी, दोघीच), पण इथे चांगले बावीस स्वयंसेवक, आणि सगळे बाहेरगावचे. दंतवैद्य आमचे प्रमुख. दोन दिवसांच्या दातांच्या शिबिरासाठी आले होते, त्याला एकोणीस वर्षं झाली. विमावाला एका सहीसाठी आला होता. फोटोवाला पक्ष्यांच्या प्रदर्शनासाठी, सहा महिन्यांपूर्वी. मी म्हटलं, काय हो, गावाने अगदी जीव लावला तुम्हाला! एकाने डिंकाचा डबा पुढे सरकवला.

८ मार्च, शनिवार

पहिली सहल, धबधबा. बस तासभर धावली आणि बंद पडली. परत जाणारी गाडी आली, तीत बसवलं. धबधब्याऐवजी चालकाच्या पाठीचा फोटो टाकला. ब्लॉगवर लिहिलं, प्रवासात असं चालायचंच. इथे लिहिते, की फार वैताग आला.

१६ मार्च, रविवार

काल तलाव. बसमध्ये डुलकी लागली. वाहकाने हलवून उठवलं, शेवटचा थांबा आला म्हणाला. उतरले तर समोर रंगाचं दुकान! बस उलट कधी फिरली, विचारलं. तो म्हणाला, फिरली नाही, सरळच आली. मी भांडले. तो माझ्याकडे अशा कीवेने बघत राहिला की आणखी भांडावंसं वाटलं.

वाचकांचे टोमणे सुरू झालेत. एकीने लिहिलंय, भिंगरी आहे की भोवरा, जागच्या जागी फिरणारा?

२३ मार्च, रविवार

या वेळी टॅक्सी केली. डोळे टक्क उघडे, फोनवर नकाशा. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, नाकासमोर रस्ता. नकाशावरचा निळा ठिपका गावापासून लांब लांब गेला. चाळीस किलोमीटर झाले, एक वळण आलं आणि वाचनालयाची मागची भिंत दिसली. टॅक्सीवाला गाडी थांबवून बसला. ठिपका अजून चाळीस किलोमीटरवरच होता.

ताईचा फोन आला. पाय सुजलेत तिचे. विचारत होती, पाच तारखेला निघशील ना? म्हटलं, नक्की.

२६ मार्च, बुधवार

आज दंतवैद्यांना कोपऱ्यात गाठलं. मला वाटलं वेडं ठरवतील. त्यांनी हातातलं पुस्तक शांतपणे दाबाखाली ठेवलं आणि विचारलं, "पहिल्या दिवशी दारातून निघताना काय म्हणालात?"

"येते म्हणाले."

"मग? येताच आहात की."

मला राग आला. म्हटलं, अहो, बोलण्याची पद्धत आहे ती. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, एवढंच. ते म्हणाले, आम्हालाही आईने हेच शिकवलं होतं. इथे बोललेला शब्द हवेत विरत नाही, गाव तो धरून ठेवतं. एकदा म्हटलं की संपलं. इथलं कोणी म्हणतच नाही, म्हणून बसवाले रोज जाऊन येतात, त्यांना काही होत नाही. एवढे स्वयंसेवक कुठून मिळतात याचं मला पहिल्या बुधवारी नवल वाटलं होतं. यातला एकही स्वतःच्या इच्छेने राहिलेला नाही.

३० मार्च, रविवार

चालत गेले. सकाळी सातला निघाले, कोणाशी अवाक्षर न बोलता. उजव्या हाताला ऊन, डाव्या हाताला शेतं. मैलाचे दगड मोजले. अकरावा दगड ओलांडला आणि पुढच्या पावलाला पायाखाली बाजाराची फरशी होती. मधलं काहीच नाही. धड सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

रंगवाल्याने स्टूल पुढे केलं. बसले आणि रडले. भीतीपेक्षा संतापाने. एका साध्या शब्दासाठी! मी काय शिवी दिली होती?

मालकीणबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, मी कुठे काय केलं, मला आपलं ऐकायला गोड वाटलं.

५ एप्रिल, शनिवार

आज ताईकडे निघायचं होतं. चार बस बदलल्या. चारही वेळा इथेच उतरले.

चौकात फोटोवाला भेटला. म्हणाला, एकच उपाय उरलाय, उलटा शब्द. दंतवैद्य त्याचा हात धरून नको नको म्हणत होते. त्याने हात सोडवला आणि भर चौकात मोठ्याने म्हणाला, "जातो." सगळ्यांनी माना खाली घातल्या. बस आली, तो चढला. दिवस मावळला तरी परतला नाही.

सुटला! उद्या मीही म्हणणार. बॅग भरून ठेवलीय.

६ एप्रिल, रविवार

निघण्याआधी खात्री करावी म्हणून त्याच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला. पोचले का, विचारलं. ती म्हणाली, "ते गेले. सात महिने झाले."

गेले म्हणजे कुठे, असं मी मूर्खासारखी विचारून बसले. पलीकडे ती माउली रडायला लागली. म्हणाली, पक्ष्यांच्या प्रदर्शनाला म्हणून निघाले होते, वाटेतच बस दरीत कोसळली.

तो इथे पोचलाच नव्हता म्हणे. मग माझ्याशेजारी बसून डिंक कोण लावत होता? ब्लॉगवरचे त्याचे फोटो उघडले. रिकामी खुर्ची. प्रत्येक फोटोत.

मी 'जाते' म्हटलं तर मी इकडे येतानाच वाटेत गेले, असा ताईला एक मार्चलाच फोन आलेला असेल. पोटुशी ताई, आणि तो फोन—

बॅग रिकामी केली.

११ एप्रिल, शुक्रवार

मुलगी झाली. शेजारच्या काकू होत्या सोबत. मी नव्हते. ताईने फोनवर एवढंच विचारलं, का गं? बसचं कारण सांगितलं. आठवडाभर बसच मिळत नाही? तिने फोन ठेवला.

२ मे, शुक्रवार

ताई फोन उचलत नाही. शब्द दिला होता मी. इकडे गाव माझा दुसराच शब्द धरून बसलंय. ब्लॉग बंद केला. रोज पुस्तकांचे कणे चिकटवते. आज विमावाल्याने विचारलं, तुम्हाला इथे येऊन किती वर्षं झाली? मी जवळजवळ उत्तर देणार होते.

२१ मे, बुधवार

ताईचा फोन. आवाज मऊ. म्हणाली, माझा राग गेला, तुला काय झालंय ते बघायचंय, शनिवारी बाळाला घेऊन मीच येते.

नको म्हटलं. ओरडले. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मनू, तू एकटी राहून राहून खचलीयेस, आता तर मी येणारच.

पुन्हा पुन्हा फोन लावतेय. लागत नाही.

२४ मे, शनिवार, दुपार

आली. भाड्याची गाडी, बाळ, डब्यांची पिशवी. भाचीचे कान आईसारखे. दोन तास मांडीवर होती, माझं बोट घट्ट धरून. मी इतकी सुखी कधीच—

ताईचे पाय धरले. वेडी म्हण, पण निघताना काही बोलायचं नाही. 'येते' नाही, 'जाते' नाही, 'निघते' नाही. काहीच नाही. तिने माझे डोळे पुसले. बरं बाई, शप्पथ, तोंड उघडणार नाही म्हणाली. मला तिच्याबरोबर चल म्हणत होती. मी गाडीत बसले तर गाडीच परत फिरेल—

त्याच दिवशी, चार वाजता

मी खाली गेले नाही. माझ्या जिभेचा मला भरवसा नाही. खिडकीशी उभी राहून, दिसेल ते लिहितेय.

ताई उतरली. मालकीणबाई फाटकात. विचारतायत, पुन्हा येणार ना? ताईने मान वळवली. बोलली नाही. शाबास—

चालकाने दार उघडलं. सामान आत. ताईने वर बघितलं. ओठांवर बोट ठेवून दाखवलं. हसतेय. जणू विचारतेय, बघ, मी बोलले का?

बस आत. ताई, बस—

बाळाला उचललं. बाळाचा हात धरून माझ्याकडे हलवतेय. नको. ताई, नको— ऐकू जात नाही तिला— तोंडाचा चंबू केलाय, बाळाचा आवाज काढतेय, मावशी, मावशी, आता मी ये—