घाटाला जायचा महिना

बाबा, घाटात सायकल घेऊन जायला कोणता महिना चांगला, हे आज मी तुम्हाला विचारते आहे. तुम्ही असतात तर आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं असतंत, हिचं काय बिनसलं म्हणून. पन्नाशी उलटलेली बाई, ऑफिसात फायली इकडून तिकडे करणारी, रात्री गुडघ्यांना तेल लावून झोपणारी, आणि तिला डोंगर चढायचाय. त्यातून विचारते कुणाला, तर उभ्या आयुष्यात ज्याने घाट चढला नाही त्याला. तुम्ही डोंगर पाहिलात तो समुद्रातून. आचऱ्याच्या खाडीतून होडी बाहेर पडली की तुम्ही मागे वळून त्या निळ्या रांगेतली एक खाच शोधायचात. देवळामागचा उंच माड त्या खाचेखाली आला की जाळं टाकायची जागा आली, असा तुमचा अंदाज, आणि तो कधी चुकला नाही असं आई सांगायची. मी आता कणकवलीला राहते. गच्चीत कपडे वाळत घालताना तीच रांग दिसते, पण इतकी जवळ की खाच वगैरे काही ओळखू येत नाही. नुसता डोंगर दिसतो, आणि गेलं वर्षभर तो दिसला की मी कपडे तसेच टाकून आत येते.

आम्ही चौघी आहोत. एक शाळेत शिकवते, एक पोस्टात आहे, एकीची एसटी डेपोजवळ खानावळ आहे, आणि चौथी मी. डॉक्टरांनी चौघींनाही चालायला सांगितलं होतं, आम्हाला चालायचा कंटाळा, म्हणून सायकली घेतल्या. पहाटे नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि येताना दूध घेऊन यायचं, एवढंच. मग हळूहळू पाय सरावले, तशी जीभही सरावली, आणि कुणीतरी फोंडा घाटाचं नाव काढलं. दिवस कोणता, यावर बरीच चर्चा झाल्यावर खानावळवाली म्हणाली, "दिवस तू ठरय गो. तू तांडेलाचा चेडू." तुम्ही गेल्याला सत्तावीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत होडीच्या म्होरक्याची मुलगी म्हणून मला कुणी हाक मारली नव्हती. मी अशी काही फुगले की विचारू नका. आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार.

का म्हणाले, तर आपल्या घरात वर्ष त्याच दिवशी सुरू व्हायचं. समुद्राला नारळ दिला, होडी पाण्यात गेली, म्हणजे सगळं उघडलं. शाळेतल्या बाईंनी कितीही ऋतू शिकवले तरी माझ्या अंगात दोनच ऋतू आहेत, समुद्र बंद आणि समुद्र चालू. समुद्र चालू झाला म्हणून डोंगरातला पाऊस थांबत नाही, हे मला कळायला हवं होतं. खाली भाताला ऊन लागत असतं तेव्हा वर घाटात दगड सुटत असतात. पण चूक करावी तर तीसुद्धा आपल्या गावाला शोभेल अशी.

त्या रविवारी खाली लख्ख ऊन होतं. फोंड्यात आम्ही भजी खाल्ली, चहा घेतला, फोटो काढले. घाट सुरू झाला तेव्हाही बरं होतं, झाडांतून पाणी वाहत होतं, त्याचा आवाज येत होता. मग एका मोठ्या वळणावर धुकं येतं. येतं म्हणजे समोरचा रस्ता होता तो नाहीसाच होतो. मी सायकलवरून उतरते. रस्त्याच्या कडेला हिरवं शेवाळ चढलंय, पायाखाली मुठीएवढे दगड पडलेत, नुकतेच पडल्यासारखे, त्यांना अजून माती चिकटलेली. इथून मागे फिरूया, एवढंच म्हणायचं आहे. तीन शब्द. मागून खानावळवाली धापा टाकत येते आणि म्हणते, "काय गो, दमलंस काय?" आणि मी म्हणते, "नाय गो, चल."

आम्ही वर पोचलो. चहा प्यायलो. आणि उतरताना ते झालं. बाकीच्या दोघी पुढे गेल्या होत्या, त्यांच्यामागे मी, आणि माझ्या मागे खानावळवाली. उतारावर दोन्ही ब्रेक आवळून बोटं दुखत होती. मागून रबर घासल्याचा आवाज आला, मग पत्रा फरफटल्यासारखा, मग काही नाही. मी थांबले, मागे वळले, आणि मागे नुसतं पांढरं. मी तिला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. उत्तर आलं नाही. बाबा, तेवढा वेळ कसा गेला ते मला लिहिता येत नाही. मी सायकल रस्त्यात टाकली आणि हात पुढे करून चालत सुटले, आंधळ्यासारखी, तिच्या नावाने ओरडत. मग अगदी जवळून आवाज आला, "हयसर आसंय गो. हात हलणा नाय." ती कठड्याला टेकून बसली होती. सायकलचं पुढचं चाक कठड्यात अडकून वाकलं होतं. मी कठड्यावरून पलीकडे पाहिलं. पलीकडे काहीच नव्हतं.

खांद्याचं हाड मोडलं होतं. दोन महिने तिला नारळ खवता आला नाही. सुनेने खानावळ सांभाळली आणि गिऱ्हाइकं म्हणाली, आमटी आता जरा बरी लागते. हाड मोडल्यापेक्षा तिला तेच जास्त लागलं, असं ती सगळ्यांना सांगते आणि हसते. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. माझी सायकल तेव्हापासून जिन्याखाली जुन्या चादरीखाली आहे. मध्ये एकदा चादर काढून नुसता हँडल धरला आणि लगेच चादर परत टाकली. मुलगा म्हणतो, वीक. मी हो म्हणते आणि विकत नाही.

आणि आता नवरात्रात तीच बाई, बरा झालेला खांदा मिरवत, दुपारच्या सुट्टीत माझ्या ऑफिसात डबा घेऊन आली. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "म्हयनो सांग. या वर्षी घाट करूचो आसा." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी विचार. ती म्हणाली, "गेल्या वर्साक तूच सांगितलंस, आता पण तूच सांग." मी म्हटलं, मला भीती वाटते. तर म्हणाली, "माका पण वाटता. म्हणान काय घरात बसान ऱ्हवाचा?" डबा संपवून ती निघून गेली. तेव्हापासून मी कॅलेंडर घेऊन बसले आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर पाणीसुद्धा फुंकते आहे. आश्विन म्हणावा तर दुपारनंतर वीज कडाडते आणि ढग डोंगरावरच येऊन फुटतात. कार्तिक धरावा तर दिवाळीला मुंबईच्या गाड्या घाटातून सुसाट उतरतात. मार्गशीर्ष-पौषात पहाटे इतकं दव पडतं की रस्ता धुतल्यासारखा ओला. माघ-फाल्गुनात गवत वाळतं आणि वणवे लागतात. चैत्र-वैशाखात ऊन असं की आमच्यातली एखादी चक्कर येऊन पडायची. पुढे पाऊस. असा बारा महिन्यांत मी एकही महिना शिल्लक ठेवला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझी तर बाराही अंगणं वाकडी निघाली.

म्हणून मला ते वर्ष आठवलं. मी दहा वर्षांची असेन. त्याच्या आदल्या हंगामात तुमची होडी खाडीच्या तोंडावर, जिथे लाट फुटते तिथे, उलटली होती आणि शेजारचे काका गेले होते. पाच जण पोहत आले, ते आले नाहीत. त्याबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नसे. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि खलाशी रोज सकाळी येऊन पडवीत बसायला लागले. कधी काढायची होडी, असं कुणी विचारत नव्हतं, नुसते बसायचे आणि विड्या ओढायचे. तुम्ही पुळणीच्या वाळूवर जाऊन उभे राहायचात आणि परत यायचात. एक दिवस मी मागच्या दारी गेले तर तुम्ही विहिरीजवळ वाकून ओकत होतात. मला पाहून म्हणालात, "आवशीक सांगू नको." मी आईला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पडवीत येऊन म्हणालात, "चला."

अख्खी वाडी किनाऱ्यावर जमली होती. एकामागून एक होड्या निघाल्या. तुमची खाडीच्या तोंडापर्यंत गेली, लाटेच्या अलीकडे थांबली, आणि थांबूनच राहिली. मग वळली. मला अजून ती वळताना दिसते, हळू, सगळ्यांच्या देखत. बाकीच्या सगळ्या बाहेर गेल्या आणि संध्याकाळी भरून आल्या. कुणाला काही झालं नाही. कुणाला काही झालं असतं तर लोक तुम्हाला शहाणा म्हणाले असते. तसं झालं नाही. त्या संध्याकाळी घराघरांतून ताज्या बांगड्याच्या कालवणाचा वास येत होता आणि आपल्या चुलीवर, मासळी नाही म्हणून, कुळथाची पिठी. तुम्ही मान खाली घालून जेवत होतात. शाळेतल्या पोरी मला काय काय बोलल्या होत्या, ते सगळं माझ्या तोंडात गोळा झालं होतं. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, "सगळ्यांचे बापूस गेले. तुमीच तेवढे भियालास." आईने हात उगारला. तुम्ही तिला थांबवलंत, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "होय, भियालंय." आणि भात कालवून पुढचा घास घेतलात. मग हात धुऊन बाहेर गेलात. चार दिवसांनी होडी काढलीत आणि पुढे सोळा वर्षं चालवलीत, एकही माणूस न गमावता. तरी लोक शेवटपर्यंत पाठीमागे तुम्हाला पिठी तांडेल म्हणायचे. तुम्हाला ते माहीत होतं, मला खात्री आहे.

पुढे मी हायस्कुलात गेले तेव्हा तुम्ही मला जुनी सायकल घेऊन दिलीत. तुम्हाला सायकल येत नव्हती. दुकानदार तिची घंटी वाजवून दाखवत होता, चाक फिरवून दाखवत होता, आणि तुम्ही मध्येच विचारलंत, "ही थांबता मा?" तो म्हणाला, पळते एकदम बरी. तुम्ही म्हणालात, "पळता ता दिसता. थांबता काय, ता इचारतंय." मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. त्या काळात मला तुमच्या बऱ्याच गोष्टींची लाज वाटायची.

आता घाटातलं ते वळण सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. खानावळवालीला नाही, घरीही नाही. सगळ्यांना वाटतं की मी दिवस चुकीचा निवडला, बस. दिवस चुकलाच, पण ती चूक त्या वळणावर सुधारता आली असती. त्या धुक्यात मला कळलं होतं, बाबा. मागे फिरूया हे शब्द ओठांपर्यंत आले होते, आणि मी ते गिळले, कारण मला माझंच वाक्य ऐकू आलं, ताट सरकवताना म्हटलेलं. कुणीतरी मला तसं म्हणेल, याची मला दरीपेक्षा जास्त भीती वाटली. तुमच्यावर टाकलेला शब्द मी स्वतःवर घेऊ शकले नाही, आणि त्यापायी ती बाई कठड्यापर्यंत गेली. कठडा तिथे नसता तर हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं?

तर महिना मी ठरवला आहे. कार्तिक, तुळशीची लग्नं झाल्यावर. भात कापून झालेलं असेल, शेवाळ सुकलेलं असेल, दिवाळीच्या गाड्या परत गेलेल्या असतील. रविवार नको, बुधवार. ऊन रस्त्यावर उतरल्यावर निघायचं. जिन्याखालची सायकल आज दुकानात दिली आणि त्या पोराला ब्रेक बघायला सांगितले, मग परत जाऊन पुन्हा सांगितले. मघाशी तिघींना फोनवरून दिवस लिहून कळवला. खाली लिहिलं की मला अजून भीती वाटते, आणि मी मागे म्हटलं की कुणी काही विचारायचं नाही, वळायचं. वाटेतून परत आलो तर त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे जेवायचं, पिठी आणि भात. शिक्षिकेने अंगठा पाठवला. खानावळवालीने लिहिलं, पिठी मी करीन, तुझ्या हाताला चव नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, कॅलेंडरच्या मागे राहील. फक्त एक सांगायचं राहून गेलंय. त्या संध्याकाळी मी उपाशी झोपले असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. तुम्ही हात धुऊन बाहेर गेलात तेव्हा मी चुलीपाशी बसून पिठीभात खाल्ला, आणि आईकडून दोनदा मागून घेतला. तुम्ही पडवीत होतात, आत आला नाहीत. पिठी चांगली झाली होती, बाबा.