डाव्या कानात दोनशे, उजव्यात दोनशे दहा

४ मे, सोमवार, सकाळी
महिन्याअखेर शिफ्ट इन्चार्जचा इंटरव्ह्यू. मुकाबल्यात लोकेश मेश्राम. माझ्याहून ज्युनिअर, साहेबाच्या मागं मागं फिरणारा. मागच्या मीटिंगमध्ये साहेब सर्वांसमोर म्हणाले, का माझं काम चांगलं, पण डोकं गरम. हे साफ खोटं. तिथंच ओरडून सांगितलं.
उपाय सापडला. बायनॉरल बीट्स. हेडफोनमधून डाव्या कानात दोनशे हर्ट्झचा सूर, उजव्यात दोनशे दहाचा. मधला दहाचा ठोका बाहेर कुठंच नसते, मेंदू स्वतः बनवते. मग म्हणे मेंदूच्या लहरी त्याच ठोक्यावर येतात. दहा म्हणजे अल्फा. अल्फा म्हणजे शांत माणूस. आजपासून रोज अर्धा तास. लोकेशच्या बापाले सुचणार नाही.

७ मे
जबरदस्त फरक. व्हिडिओवाला म्हणते, आवाज लाटेसारखा घुमल्यावानी वाटते. मले सरळ सपाट ‘ऊंऽऽ’ येते. म्हणजे माझा मेंदू आधीपासूनच स्थिर आहे. बाकीच्यांचा डगमगते.
रुचिता आत येऊन म्हणे, पापा, बाहर तक आवाज़ आ रही है, कम करो. पोट्टीले मराठीत बोल म्हणून रागावलो. शांतपणे रागावलो. दार तिनं आपटलं.

१२ मे
आवाज आणखी वाढवला. शांती वाढली पाहिजे. शेजारच्या यज्ञेश्वररावांशी पार्किंगवरून भांडण. दोष त्यांचा. अल्फा नसलेला माणूस.

१४ मे, दुपारी
आज हद्द झाली. सिलतऱ्याले प्लांटच्या यार्डात उभा होतो. लोकेशनं मागून येऊन कॉलर धरली अन् ओढून पाडलं. सर्वांसमोर. मी उठून त्याले ढकललं. लेखी तक्रार दिली. आता पोस्ट माझीच.

१५ मे
साहेबांनी कॅमेरा दाखवला. माझ्या डाव्या बाजूनं लोडर रिव्हर्स येऊन राहिला होता. हॉर्न मले ऐकू आला होता, पण उजवीकडून. म्हणून डावीकडं सरकलो. मग लोकेश येते.
कॅमेऱ्याचा अँगल चुकीचा आहे. कान तपासायले पाठवून राहिले. हा कट आहे.

१८ मे, सोमवार
तेलीबांध्याचा दवाखाना. कानाच्या डॉक्टर ज्ञानदा मॅडम म्हणाल्या, डावा कान जवळपास गेला. वर्षानुवर्षे प्लांटच्या गरजणाऱ्या ब्लोअरजवळ, कानात प्लग न लावता. प्लग भित्रे लोक लावतात, हे त्यांना सांगितलं.
बीट्सबद्दलही बोललो. त्या म्हणाल्या, तो ठोका बनायले दोन्ही कानांचे सूर मेंदूपर्यंत जावे लागतात. तुमच्यापर्यंत एकच जाते, त्यात ठोका कुठून येणार. मोठ्या आवाजानं उजवाही कान जाईल, बंद करा. अन् दोन्ही कान चांगले असले तरी फायदा होतेच असं पक्कं नाही.
मी विचारलं, मग एवढी शांती आली कुठून? त्यांनी सोबत आलेल्या माझ्या बायकोकडं, नीलिमाकडं पाहिलं. नीलिमानं खिडकीबाहेर.
डॉक्टर बदलावा लागते.

२९ मे
इंटरव्ह्यू. पॅनेलमधले एक साहेब डावीकडं बसले होते. त्यांनी काय विचारलं कळलं नाही, म्हणून आत्मविश्वासानं ‘हव’ म्हणून मान डोलावली. नंतर समजलं, विचारत होते, तुमचा स्वभाव टीमले जड जाते काय.

१ जून, सोमवार
लोकेश इन्चार्ज झाला. पहिल्याच ऑर्डरनं मले यार्डातून काढून स्टोअरमध्ये टाकलं. भांडायले गेलो. तो उठून माझ्या उजव्या बाजूले येऊन उभा राहिला.
“भाऊ, त्या दिवशी मी होतो. दर वेळी कोण राहील?”
घरी आलो.
जेवताना नीलिमाही उजवीकडं येऊन बसली अन् सावकाश, स्पष्ट बोलली. बराच वेळ बोलली. सगळं ऐकू आलं.
सगळं माझ्याबद्दलच होतं.