वजनाचा सोहळा

५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कार्यालयाने आखलेला ‘हसरं आरोग्य’ उपक्रम आमच्या शाळेत आला. कॅन्टीनमधली तळणं गेली, खेळाचा तास रोज झाला. तेव्हा चष्म्याच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगत होते, की ही माझ्या बहिणीची कामगिरी. आता तीच गिऱ्हाइकं दिसली की नजर चुकवते.

सोमवारी मैदानावर बँड वाजवून अख्ख्या शाळेचं वजन केलं. एकेका मुलाला काट्यावर चढवायचं, आकडा माइकवरून सांगायचा आणि वर्गाच्या बेरजेत घालायचा. सहामाहीला ज्या वर्गाचं वजन सगळ्यात जास्त उतरेल, त्याला समुद्राकाठची सहल! वाढत्या वयाच्या मुलांचं वजन उतरलंच पाहिजे, हे कोणत्या शहाण्याने ठरवलं?

आमच्या चिमणीचा आकडा ऐकून मैदान हसलं. घरी आपण तिला चिमणी म्हणतो हे तिथे कुणाला ठाऊक नाही, एवढंच नशीब. आता तिच्या मैत्रिणी मधल्या सुट्टीत तिचा डबा ताब्यात घेतात, काकडी तेवढी तिला ठेवतात आणि बाकीचं आपसात वाटून खातात. पोरी वाईट नाहीत, त्यांना सहल हवी आहे, म्हणून तर जास्त संताप येतो. चिमणी घरी येऊन ओट्याशी उभी राहून, आमच्याकडे पाठ करून जेवते. वर्गाच्या फुटबॉल संघाची ती गोलकीपर. आता म्हणते, गोलमध्ये उभं राहिलं की सगळे आपल्याकडेच बघतात.

मी क्रीडाशिक्षकांना जाब विचारायला गेले. ते बिचारे खजील झाले. म्हणाले, बाई, वजन सोहळ्यासारखं करा, टाळ्या वाजवा, असा वरून हुकूम आहे. सोहळा हा शब्द ऐकला आणि मी लगेच ओळखलं. तो तुझाच.

रागाच्या भरात अन्याय तर करत नाही ना, हे मी स्वतःला विचारलं. मुलीचा आकडा सगळ्यांनी ऐकला, याची मलाही थोडी लाज वाटली; माझा राग त्या लाजेचा तर नाही? असेल थोडा. पण मीही दिवसभर माणसांची नजर मोजते, ताई, आणि ती दार लावून मोजते. कुणाचा नंबर रस्त्यावर ओरडून सांगत नाही.

लोभ आहेच, पण आज तो मागच्या बाकावर जाऊन बसला आहे.

तुझी धाकटी


११ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

पत्र मिळालं. पाकीट उघडतानाच चटका बसला! लहानपणापासून तुझं असंच, आधी भडका आणि मग विचारपूस.

मी शाळाशाळांतून हिंडते. दहा-बारा वर्षांची मुलं एक जिना चढून धापा टाकतात, गुडघे दुखतात म्हणून खेळत नाहीत. आयांना सांगितलं तर म्हणतात, खात्यापित्या घरची आहेत. गप्प बसून हे सुटणार आहे का? एकेकट्या मुलाला दोष लागू नये म्हणूनच मी वर्गाची बेरीज ठेवली.

आणि सोहळा म्हणशील, तर तो मी आपल्याच घरातून उचलला. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आठव. वाढदिवसाला बाबा आपल्याला तिथे उभं करायचे, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने खूण करायचे, आई टाळ्या वाजवायची. मोजून घेण्यात केवढी मजा होती! तीच मजा या मुलांना मिळावी, एवढंच माझ्या मनात होतं. चिमणीला म्हणावं, इतकं मनाला लावून घेऊ नये. सवय होईल.

मेहुण्यांना नमस्कार. राग ओसरला की दोन ओळी लिही. न ओसरला तरी लिही.

तुझी ताई


१६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग ओसरलेला नाही.

चौकट आठवली. त्या चौकटीवर वय वाढलं की खूण आपोआप वर जायची, काही न करता टाळ्या मिळायच्या. तुला तर सगळ्यात जास्त, कारण तुझ्या खुणा सगळ्यात वर. आता दादाच्या खुणा आठव. तुझ्या पाठचा, माझ्याहून मोठा. मी त्याच्या पुढे गेले त्या वाढदिवसाला तो गच्चीवर जाऊन बसला आणि पुन्हा त्या दाराशी उभा राहिला नाही. बाबा हाका मारत राहिले, तू हसत होतीस. मीही हसले, कारण मी जिंकले होते. त्या सोहळ्याची मजा आठवणारी तू घरात सर्वांत उंच आहेस, ताई. दादाला विचारायचं तुला सुचलं का?

आता इथलं ऐक. पुढच्या शुक्रवारी दुसरं वजन आहे. मैत्रिणींनी चिमणीला फार गोड बोलून विनंती केली, की त्या दिवशी तू येऊच नकोस, म्हणजे आपल्या वर्गाची बेरीज आपोआप उतरेल. ती कबूल झाली! मला म्हणाली, पोट दुखतंय अशी चिठ्ठी दे. रडली नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. वर्गाचं भलं आपण नसण्यात आहे, हे माझ्या लेकीला पटलंय. याची सवय होऊ द्यायची का?

मी चिठ्ठी देणार नाही. ती शुक्रवारी शाळेत जाईल. तिथे काटा असेल की नाही, हे तुझ्या हातात आहे.

माया तुटत नाही म्हणून इतकं लिहिलं.

तुझी धाकटी


२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दादाला फोन केला. आधी तो हसला. मग म्हणाला, ते घर विकलं तेव्हा त्याला एकाच गोष्टीचा आनंद झाला होता, ते दार गेलं याचा.

साहेब म्हणाले, सहामाहीपर्यंत चालू द्या, सहल जाहीर झाली आहे. मी ऐकलं नाही. माझ्या सहीने सगळ्या शाळांना कळवलं आहे, की मैदानावरचं वजन बंद, बेरीज बंद. मोजायचंच असेल तर डॉक्टरांनी मोजावं, खोलीत, आईवडिलांसमोर. खेळाचा तास आणि कॅन्टीनचा नियम मात्र राहील. त्यावर माझ्याशी भांडू नकोस. साहेब माझ्याकडून खुलासा मागणार आहेत. मागू देत.

शुक्रवारी काय झालं ते कळव. माझा जीव तिकडे लागला आहे.

तुझी ताई


२६ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

आई दुकानात आहे, म्हणून मी लिहिते. शुक्रवारी मी शाळेत गेले. काटा नव्हता. सहल रद्द झाली म्हणून दोन मुली माझ्याशी बोलत नाहीत. बाकीच्यांनी डबा परत दिला, पण त्या अजून बघतात, म्हणून मी थोडा उरवते. आईला सांगू नकोस, तिला कळलंच असेल.

तुझी सगळी पत्रं आईने मला वाचून दाखवली. तू दादामामाला फोन केलास, साहेबांशी भांडलीस, सगळ्या शाळांना कळवलंस. मला मात्र एक ओळही लिहिली नाहीस. माझा आकडा माइकवरून सांगितला होता, मावशी. मामाचा नाही, शाळांचा नाही. आई म्हणते मोठ्यांना असं लिहू नये, पण मी लिहिते.

दाराबाहेरच्या पत्रपेटीत मी रोज बघते. तुझं पत्र आलं की मी पुन्हा गोलमध्ये उभी राहीन, असं नाही. मी कालपासून उभी राहतेच आहे. पण पत्र पाठव.

तुझी चिमणी