दोन दिवसांत फ्रेमवर्क

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून नियमित लिहायचं. त्याने मन शांत राहतं म्हणतात. माझं तसंही शांतच आहे.

साहेबांनी सकाळी बोलावलं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दादानेच निवडून मागवलेला नवा सर्व्हर येऊन दीड महिना झाला, नुसता गुरगुरत बसलाय. दादाने शेवटी लिहिलेला प्रोग्राम त्यावर २९ तारखेपर्यंत चालू झाला तर ठीक. नाहीतर तयार प्रोग्राम विकत येणार आणि दादाचा बाद. त्याआधी फ्रेमवर्क बसवायला हवं, म्हणजे प्रोग्राम ज्यावर उभा राहतो तो सांगाडा. सर्व्हरला इंटरनेट नाही. शहराचे पंप त्याच जाळ्यावर आहेत, त्यामुळे सुरक्षेसाठी मिळणारही नाही. फाइल घरून पेनड्राइव्हवर आणायची, एवढंच.

साहेबांना दोन दिवस सांगितले. एक पुरेल, पण उतावीळ दिसायला नको. सोळा वर्षं भावाच्या शेजारच्या टेबलावर बसलोय. तो काय करायचा ते मला दिसत होतंच.

संकल्प: रोज सकाळी चालायला जाणे.

५ नोव्हेंबर, मंगळवार
गेटचा नियम विसरलो होतो. बाहेरचा पेनड्राइव्ह आधी गेटवरच्या व्हायरस तपासायच्या मशीनमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी तारखेचा हिरवा स्टिकर लावून परत मिळतो. माणशी रोज एक. गेटवरचे काका स्टिकर असा दाबून लावतात, जणू लस टोचतायत. ऑगस्टमध्ये दादा गेला तेव्हापासून ते माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तशी काही गरज नाही.

चालायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत.

६ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी १०.१५
पेनड्राइव्ह हातात. अकरापर्यंत आटपेल.

१०.४०
फ्रेमवर्क म्हणतं, आधी आणखी तीन पॅकेजेस आणा. एकाला जेवायला बोलवावं आणि त्याने दारातूनच विचारावं, माझ्याबरोबर तिघं आहेत, चालेल ना? नावं लिहून घेतली. उद्या गेट, परवा काम. शुक्रवार नक्की.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
तिन्ही आणली. तिसऱ्याला चौथं लागतं. म्हणजे आता एकच राहिलं. शनिवार-रविवार मशीन बंद.

जेवताना वहिनींनी विचारलं, फ्रेमवर्क म्हणजे नक्की काय. सांगितलं, घराचे खांब समजा. त्या म्हणाल्या, म्हणजे यांनी आजारपणात गादीवर बसून तीन महिने नुसतं छप्पर बांधलं? खाली खांबच नाहीत? म्हटलं, खांब निघालेत, गेटवर अडकलेत. हसल्या. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मग ताटाकडे बघत म्हणाल्या, मला काही तिथे आत सोडणार नाहीत, चालू झालं की कसं दिसतं ते तेवढं सांगा, भावजी. कबूल केलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
चौथ्याला पाचवं लागतं.

पुतणीचा फोन. ती दुसऱ्या शहरात सॉफ्टवेअरमध्येच आहे. म्हणाली, काका, घरी एक कमांड दिलीस तर लागणारं सगळं एकदम उतरवून मिळतं, एकेक कशाला वाहतोयस? म्हटलं, माहीत आहे, मी मुद्दाम एकेक समजून घेत चाललोय. कमांड कागदावर लिहून घेतली, सहज.

मग तिने विचारलं, बाबांचा ड्रॉवर उघडलास का. प्रोग्राम तिथेच आहे हे मला ठाऊक आहे. पण फ्रेमवर्क बसल्याशिवाय तो काढून काय उपयोग? आधी खांब, मग छप्पर. ती बरं म्हणाली. पटलं तिला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
माझी नवी पद्धत: सगळं एकदम आणायचं. एकवीस फाइली गेटवर दिल्या. काका म्हणाले, तुमचे दादा असंच सगळं एकदम आणायचे. मी म्हटलं, आमच्या पद्धती वेगळ्या होत्या.

बूट सापडले. सोल सुटलाय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
एकवीसपैकी नऊ फाइली सर्व्हरने परत केल्या. घरचा कॉम्प्युटर एका सिस्टिमवर चालतो, सर्व्हर दुसऱ्या. हे पुतणीने सांगायला हवं होतं. सांगितलं होतं, असं ती म्हणते.

केमिस्ट बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, नळी हातात तशीच. जमतंय का विचारलं. म्हटलं, झाल्यात जमा आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार
सर्व्हरच्या सिस्टिमच्या फाइली आणल्या. त्याही नाकारल्या. प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात त्या पायथनची सर्व्हरवर ३.६ आवृत्ती आहे, मी ३.८ साठीच्या आणल्या. स्क्रीनवर आकडे इतके बारीक का ठेवतात कळत नाही. चष्मा मला फक्त वाचायला लागतो.

केमिस्ट बाईंची खुर्ची डुगडुगते. त्यांनी विचारलं, दादांची घेऊ का? म्हटलं, त्याला रीतसर अर्ज लागतो. असा काही अर्ज नसतो. पण बाई विचारून गेल्या, परत आल्या नाहीत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
एका जागी बसवत नाही. गेटवर चार चकरा. काकांनी चारही वेळा सांगितलं, पेनड्राइव्ह सोमवारी मिळेल. चौथ्या वेळी स्वतःचं स्टूल पुढे केलं. बसलो नाही, कामं आहेत. परत आलो, पेन्सिलींना टोक केलं. सगळ्या. मग दादाच्या टेबलावरच्याही.

एवढ्या चकरा म्हणजे चालणं झालंच की. तो संकल्प पूर्ण धरायला हरकत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
वीस फाइली बसल्या. वीस! एकविसावी अर्धीच उतरली आहे. घरी पेनड्राइव्ह जरा लवकर ओढला गेला असावा. उद्या देतो, गुरुवारी मिळतो, शुक्रवार अख्खा हातात. हिशोब चोख आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
तपासायचं मशीन बंद पडलं. माझा पेनड्राइव्ह आतच. दुरुस्तीवाला सोमवारी येणार. साहेबांनी तयार प्रोग्रामवाल्याला उद्या पाच वाजता फोन करायचं ठरवलंय. माझ्यासमोर डायरीत लिहिलं.

काका आज हळू बोलले नाहीत. म्हणाले, "दादांनी जूनमध्ये एक आणला होता. उन्हात इथेच बसले होते, दम लागला होता. स्टिकर मी लावला. तो आहे ना तुमच्याकडे?"

म्हटलं, आहे. पण त्यात नुसता प्रोग्राम आहे.

ते म्हणाले, बघितलंत का?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी ४.१०
ड्रॉवर उघडला. किल्ली शोधण्यात वेळ गेला. ती माझ्या स्कूटरच्या जुडग्यात होती. ऑगस्टपासून रोज तिथेच.

आत खोकल्याच्या गोळ्या, माझं हरवलेलं पेन, हिरव्या स्टिकरचा पेनड्राइव्ह, १७ जून. त्याला रबर बँडने चिठ्ठी.

"धाकट्या, फ्रेमवर्क, त्याला लागणारं सगळं आणि प्रोग्राम, तिन्ही यात आहेत. पहिल्या आठवड्यात वाचत असशील तर शाबास. शेवटच्या दिवशी वाचत असशील तर आधी चहा पी, मग खालची एक ओळ टाइप कर."

चहा प्यायलो. थंड झाला होता, मीच बराच वेळ समोर ठेवला होता.

४.५१
टाइप केलं. एंटर. चार मिनिटं लागली. चालू झाला.

साहेब बघून गेले. फोन रद्द. म्हणाले, चार मिनिटांच्या कामाला सव्वीस दिवस कसे लागले? तांत्रिक अडचणी होत्या, असं सांगितलं. केमिस्ट बाईंना म्हटलं, खुर्ची घ्या. अर्ज नको.

संध्याकाळी
वहिनींना सांगितलं, चालू झालं. त्यांनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसल्या. कसं दिसतं? म्हटलं, पांढरी स्क्रीन, साधीच. अक्षरं खूप मोठी. खाली निळं बटण, पंजाएवढं. जरा बेढबच आहे, खरं तर.

त्या म्हणाल्या, "मीही तेच म्हटलं होतं. तर म्हणाले, राहू दे. धाकटा चष्मा लावत नाही."

मी म्हटलं, मला तो फक्त वाचायला लागतो. त्या उठल्या, गॅस पेटवला.

सोमवारी गेटवर द्यायला काही नाही. काका विचारतील. बूट शिवायला टाकावेत म्हणतो.