झाकलेली बशी

१८ जुलै १९९३, बेलवली, बदलापूर

पोचले एकदाची. मिरजेहून निघताना आईने इतक्या सूचना दिल्या की मी बदलापूरला नाही, लढाईवर चालले आहे असं कुणालाही वाटावं. खोली झकास आहे. मागे भाताची खाचरं, आणि खिडकीतून वारा असा येतो की रोजनिशीचं पान धरून बसावं लागतं. मालकीण वेणूबाईंनी आधी लग्न का नाही ते विचारलं, मग चहा दिला. त्यांची अट एकच, "बाय, दार उघडा टाकून जाव नको, मांजर शिरतं."

उद्यापासून अंबरनाथला डॉक्टर हेमचंद्र वर्तकांच्या दवाखान्यात नोकरी. डॉक्टर दम्यावर उपचार करणारे. त्यांच्याकडे असेही पेशंट येतात ज्यांना उदबत्ती, फिनेल, ऑइलपेंट, कशाचाच वास सोसत नाही. जीव घुसमटतो आणि घरचे म्हणतात, नाटकं. अशांच्या घरी जाऊन मी ओल आणि बुरशी शोधायची. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी शेवटी भिंतींच्या उपयोगी पडणार तर.

२१ जुलै

डॉक्टरांनी पद्धत समजावली. बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास उकळून काचेच्या बशीत थिजवायचं. पेशंटच्या खोलीत बशी थोडा वेळ उघडी ठेवायची, मग झाकण लावून आणायची. हवेत बुरशी असेल तर ती काही दिवसांत बशीत उगवते. नसेल तर बशी स्वच्छ राहते.

चायना ग्रास आणायला उल्हासनगरच्या बाजारात गेले. एवढं कशाला हवं ते सांगितल्यावर सिंधी दुकानदार म्हणाला, "बेबी, फालूदा बनाओ, दुआ मिलेगी." वेणूबाईंना भरलेली बशी खरवस वाटली. चाखून बघायच्या बेतात होत्या.

२९ जुलै

एका घरात देवाच्या तसबिरीमागे हिरवीगार बुरशी सापडली. डॉक्टरांनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं की हिच्या नजरेतून काही सुटत नाही. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

३ ऑगस्ट

आज बकुळाच्या घरी गेले. माझ्याच वयाची, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. नवरा शरदचंद्र आनंदनगरच्या एका कारखान्यात ऑफिसर, सासू मालिनीबाई. बकुळाला आतल्या खोलीत श्वास पुरत नाही. खोलीला ताजा रंग आहे, पण त्याखालून मला ओलीचा वास आला. शरदचंद्रांनी सरळ सांगितलं, बशीत काही उगवलं तर बिऱ्हाड हलवू, नाही उगवलं तर ही थेरं बंद. बकुळा माझ्याकडे अशी बघत होती की जणू निकाल माझ्याच पिशवीत आहे.

बशी स्टुलावर उघडी ठेवली आणि मालिनीबाईंनी मला साबुदाणावडे खायला ओढून नेलं. बाई मोठ्या प्रेमळ. मधेच आत जाऊनही आल्या. परत येऊन बघते तर बशीवर झाकण, आणि वर आणखी एक स्टीलची ताटली. त्या म्हणाल्या, "अगं, उघडं कशाला ठेवायचं? पाल पडली म्हणजे?"

दुसरी बशी जवळ नव्हती. त्यांचे वडे अजून माझ्या तोंडात होते, तेव्हा चूक काढायची लाज वाटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ, असं ठरवून बशी उचलली.

८ ऑगस्ट

बशी स्वच्छ. असणारच.

डॉक्टर घाईत होते. काय निघालं, विचारलं. बशी झाकली गेली होती हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मग माझी नजर? मी म्हणाले, स्वच्छ आहे, सर.

१२ ऑगस्ट

शरदचंद्र पेढे देऊन गेले. बकुळाची रवानगी पुन्हा आतल्या खोलीत झाली आहे. नवा रंग पावसाने खराब होऊ नये म्हणून खिडकी बंद असते. पेढा माझ्याने खाववला नाही. पुन्हा तपासायला जायला हवं. कसं जाऊ? काय सांगून?

२० ऑगस्ट

बकुळा दवाखान्याच्या पायऱ्यांवर भेटली. धाप लागली होती. म्हणाली, ताई, झाकण सासूबाईंनीच घातलं ना? मी दारातून पाहिलं होतं.

मी म्हणाले, नाही, बशी उघडीच होती.

मान हलवली आणि कठड्याला धरून खाली उतरली. मला माझीच किळस येते आहे.

२८ ऑगस्ट

बकुळा गेली. त्याच खोलीत.

तिला बाहेर काढताना कपाट सरकवलं, तर मागची भिंत खालपासून वरपर्यंत काळी. मालिनीबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. बशी तर स्वच्छ होती ना गं, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

मी हो म्हणाले. तिथेही.

३० ऑगस्ट

ती बशी मी टाकली नव्हती. माझ्या खोलीतल्या फडताळात होती. आज दुपारी बाहेर काढली. आत अजूनही काही नाही, स्वच्छ.

पण झाकणावर आतून वाफ धरते. मग विरते. पुन्हा धरते.

श्वास घेतल्यासारखी.

२ सप्टेंबर

पाण्याचा पेला झाकलेला. दौतही. मी झाकली नाही. वेणूबाई शपथेवर सांगतात, त्यांनीही नाही. खिडकी उघडी राहावी म्हणून हूक मी स्वतः अडकवला होता — परत आले तर खिडकी बंद.

ट्रंकेमागे भिंत काळी पडते आहे. काल नव्हती.

४ सप्टेंबर

डॉक्टरांना सगळं सांगायला गेले. सर, ती बशी — एवढंच बोलले आणि श्वास अडकला. पुढे शब्द नाही. खोकला, नुसता खोकला. त्यांनी पाठीवर थोपटलं. म्हणाले मनाला लावून घेतलंस, घरी जाऊन झोप. माझ्या खोलीत बुरशी आहे, एवढं मी कसंबसं म्हणाले. ते हसले. तुझ्या खोलीत कशी असेल, म्हणाले. मनाचे खेळ आहेत.

हेच तिच्या घरचे बकुळाला —

५ सप्टेंबर

नवी बशी उघडी ठेवली. समोर बसून राहिले. डोळे पुसायला पदर घेतला तेवढ्यात —

झाकण. वर ताटली. माझ्या खोलीत स्टीलची ताटली नाही.

काळं आता छतापर्यंत.

६ सप्टेंबर

उजेड आहे बाहेर. खिडकी निघत नाही. वेणूबाईंना हाक मारते, आवाज नाही —

पावलं. त्याच आहेत. दार उघडा, वेणूबाई, दार —

म्हणतात, नीज बाय, मी दार ओढून घेते, मांजर शिरल —

कडी.

बोलता येत नाही तर लिहिते. बकुळा खरं बोलत होती. मी पाहिलं होतं. बशी झाक