कॅबिनेटमधली शिट्टी

३ जून, मंगळवार

नवं मशीन जोडून झालं! एकटीनं, स्वतःच्या हातांनी. दुकानदार मागेच लागला होता — "मॅडम, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घ्या, फार खपतंय." मला कॉम्प्युटर हवाय, सर्कस नाही. दिव्यांवर पैसे उधळायचे आणि पॉवर सप्लाय मात्र भंगारातला घालायचा — याला अक्कल म्हणत नाहीत. सप्लाय चांगला, पंखा मोठा आणि संथ, रॅम भरपूर. दादानं शिकवलेलं सगळं.

चालू केलं आणि — बारीक शिट्टी. सतत.

५ जून

पंखा बदलला. शिट्टी आहेच. नवरा कान लावून बसला. "मला तर काही ऐकू येत नाही बुवा." त्याला दारावरची बेलही ऐकू येत नाही, त्याचं काय धरून बसायचं!

९ जून, सोमवार

पॉवर सप्लायही बदलून आणला. दुकानदार वैतागला. तरी तेच!

आज आवाज ओळखला. दादाच्या पहिल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अशीच वाजायची. मी शेजारी स्टुलावर, तो एकेक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवणार — "हरवलेस तर बघ!"

माझ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क नाहीच. सगळं चिपवर. फिरतो तो फक्त पंखा.

१४ जून, शनिवार

दुपारी वीज गेली. मशीन बंद, फ्रिज बंद, घर चिडीचूप. शिट्टी चालूच!

खोलीच्या दारात उभी राहिले. वेड्यासारखी हाक मारली — "दादा?"

तो रस्ता ओलांडताना गेला. ट्रकवाला रडत सांगत होता, "मी हॉर्न देत होतो हो. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सरळ पुढे आले." मग लोक बोलायचं ते बोललेच — जीव दिला म्हणून. आई अजून विचारते, "काय कमी केलं होतं आपण त्याला?" वहिनी आमच्याकडे यायचीच बंद झाली. आणि मी — मनातल्या मनात भांडते त्याच्याशी. सांगायचं तरी होतंस रे!

१५ जून

नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. नाही हसला. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

"आणि भूत असलं तर?"

"तर त्यालाही दाखवून आणू."

१६ जून, सोमवार

काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. हेडफोन झकास, बाहेरचं काही म्हणता काही आत येत नव्हतं! शिट्टी मात्र आतही होतीच. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी वाटलं, तपासणी संपली. संपली नव्हती.

डॉक्टर म्हणाल्या, "मशीन निर्दोष आहे तुमचं. डावा कान हळूहळू जातोय, आवाज कुठून आला ते कळेनासं होईल. ऐकू येणं कमी झालं की काहींना असा आवाज येतो. घरात आणखी कुणाला होता का हा त्रास?"

"नाही," मी म्हणाले.

१८ जून

वहिनीला फोन केला. इतक्या वर्षांनी. कानाचं सांगितलं. ती म्हणाली, "शेवटी शेवटी ह्यांनाही आवाज यायचा. शिट्टीसारखा. मशीनवर खेकसायचे. आणि डाव्या बाजूनं बोललं की उत्तरच नाही — मला वाटायचं, मुद्दाम करतात."

ट्रक डावीकडून आला होता.

आईला सांगायला निघालेय.